अ‍ॅनिमेशनचं पहिलं वर्ष: चेंडू, चाल आणि मालवणी बोलणारी आजी

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मूळची कुडाळ तालुक्यातली, सध्या कोल्हापुरात अ‍ॅनिमेशन आणि मल्टिमीडियाचा डिप्लोमा करतेय. पहिलं वर्ष संपत आलंय. बारावीनंतर या कोर्सकडे वळावं का, तिथे नक्की शिकवतात काय, असं गावाकडची बरीच मुलं-मुली मला विचारतात. जाहिरातीच्या पत्रकात त्याचं उत्तर मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटी माझे दोन प्रश्न आहेत, जाणकारांनी मदत करावी ही विनंती.

सुरुवात होते चेंडूपासून. जगात कुठेही जा, बहुतेक ठिकाणी पहिला धडा हाच: चेंडू वरून पडतो, उसळतो आणि उसळत उसळत थांबतो. नुसतं वर्तुळ काढायचं असल्यामुळे चित्रकला लागत नाही. पण चेंडू रबराचा आहे की लोखंडाचा, हे बघणाऱ्याला रंगावरून नाही तर फक्त हालचालीवरून कळलं पाहिजे.

इथे शाळेतलं विज्ञान कामाला येतं. मोकळी सोडलेली वस्तू सारख्या वेळात सारखं अंतर कापत नाही. पहिल्या टप्प्यात एक भाग, मग तीन, मग पाच, मग सात असं अंतर वाढत जातं. सिनेमाला सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर दृश्यं) लागतात. एक मीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे ११ फ्रेममध्ये जमिनीला टेकतो. टेनिसचा चेंडू असेल तर तो निम्म्याहून थोडा जास्त वर येतो. त्या खेळाच्या नियमातच आहे की १०० इंचांवरून सोडलेला चेंडू ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे. या हिशोबाने पहिली उसळी वर जाऊन खाली यायला १६ फ्रेम घेते, दुसरी १२, तिसरी ९. हे आधी कागदावर मांडून घेतलं आणि मग चित्रं काढली की चेंडूला वजन येतं. उसळीच्या टोकाला चित्रं एकमेकांना चिकटून, जमिनीपाशी लांब लांब. याला म्हणतात स्पेसिंग. एकूण किती फ्रेम लागल्या ते टायमिंग. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे डोक्यात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसलं की बसलं. त्याच ११ फ्रेम ठेवून सगळी चित्रं सारख्या अंतरावर मांडून बघा: चेंडू पडत नाही, लिफ्टमध्ये बसून खाली येतो.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वं पुस्तकरूपाने मांडली. आमच्या वर्गाच्या भिंतीवर ती बाराही लावलेली आहेत. पण माझं मत असं की पहिल्या वर्षी त्यातली चारच अंगात मुरवावीत: दबणं-ताणणं, टायमिंग, हळू सुरू होऊन हळू थांबणं, आणि कमानी. दबण्याचा नियम साधा आहे. चेंडू जेवढा चपटा होईल तेवढाच आडवा पसरला पाहिजे, नाहीतर तो आकाराने लहान झाल्यासारखा दिसतो. आणि कमानी यासाठी, की आपला हात-पाय सांध्याभोवती फिरतो, त्यामुळे हाताचं टोक सहसा सरळ रेषेत जात नाही.

चेंडूनंतर पेंडुलम, मग पिठाची पिशवी (तिला तोंड-डोळे नसताना आनंदी किंवा दमलेली दाखवायचं), आणि मग चाल. साधी चाल म्हणजे एक पाऊल १२ फ्रेमचं, सेकंदाला दोन पावलं. पहिल्या फ्रेमला टाच टेकलेली, चौथ्याला शरीर सगळ्यात खाली, सातव्याला एक पाय दुसऱ्याला ओलांडून जाताना, दहाव्याला शरीर सगळ्यात वर, तेराव्याला दुसरी टाच. हे आकडे पाठ असले की चालणारा माणूस काढता येतो. कुठला माणूस, ते मात्र आकड्यांत नसतं. त्यासाठी आमच्या सरांनी आम्हाला वह्या घेऊन एसटी स्टँडवर बसवलं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई बघितलीत? तिचं डोकं वरखाली होतच नाही. इतरांच्या चालण्यात जी उसळी डोक्यापर्यंत पोचते, ती तिच्या गुडघ्यांत आणि कमरेत जिरून जाते, आणि हात हलतो तो एकच. तेवढ्यावरून पाटीत वजन आहे हे कळतं, पाटी रंगवावीही लागत नाही. गावात अशा बायका मी जन्मापासून बघतेय, पण अशा नजरेने पहिल्यांदाच बघितल्या.

मल्टिमीडियाचा भाग म्हणजे ठिपक्यांची बिटमॅप चित्रं आणि गणिती रेषांची व्हेक्टर चित्रं यांतला फरक, पडद्याचे रंग आणि छपाईचे रंग, आवाज ध्वनिमुद्रित करणं, संकलन, कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती), फाईलचे प्रकार. उपयोगाचं आहे, पण हे घरीही शिकता येतं.

आता प्रश्न. वर्षअखेरीला प्रत्येकाने एक छोटी गोष्ट करायची आहे. माझी गोष्ट माजघरातल्या आजीची, आणि ती मालवणीत बोलते. (१) ओठांच्या हालचालींचे जे तक्ते मिळतात ते सगळे इंग्रजी उच्चारांवर बेतलेले आहेत. मराठीसाठी कुणी काही बसवलंय का? (२) डिप्लोमानंतर नोकरी धरावी की पुढे शिकावं?

—

पारवा

छान लिहिलंयस. मी मुंबईत स्टुडिओत कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर आहे. चारच तत्त्वं मुरवा, या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन.

एक भर घालतो. २४ फ्रेम म्हणजे २४ चित्रं असं नाही. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. याला आम्ही 'टूज'वर काम करणं म्हणतो. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनचा फार मोठा हिस्सा असाच झालाय. वेगवान हालचाल आली की तेवढ्यापुरतं एकेका फ्रेमला एक चित्र, की परत टूज. तुझी आजी वयस्कर आहे, तिला टूज शोभून दिसेल.

दुसरं, संगणक मधल्या फ्रेम आपोआप भरून देतो, त्यावर विसंबू नये. दोन मुख्य पोझ दिल्या की तो एकापासून दुसऱ्यापर्यंत गुळगुळीत नेतो, पण शरीराचे सगळे भाग एकदमच निघतात आणि एकदमच थांबतात. माणसाचं तसं नसतं. आधी कंबर, मग छाती, मग खांदा, कोपर, मनगट, सगळ्यात शेवटी बोटं आणि पदर. ग्राफ एडिटरमध्ये (हालचालीचा आलेख दिसतो त्या खिडकीत) प्रत्येकाची 'की', म्हणजे मुख्य पोझची खूण, दोन-तीन फ्रेमने मागे सरकवलीस की फरक डोळ्यांना दिसेल.

—

निळीशाई

मुलगा अकरावी विज्ञानला आहे, साताऱ्यात. दिवसभर वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवत असतो. त्याला हेच करायचंय. आम्हा दोघांना यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे साधं विचारतो: लॅपटॉप केवढा लागतो? सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? एका संस्थेने तीन वर्षांची फी एकदम भरायला सांगितली आहे आणि कर्जाची सोय करून देतो म्हणतात. भरावी का?

—

रेघोटी

काका, फी एकदम भरू नका. आधी अभ्यासक्रमाची छापील प्रत मागा आणि वर्गात जाऊन एक दिवस बसा. विद्यार्थ्यांचं काम दाखवा म्हणा, संस्थेची जाहिरात नको. अभ्यासक्रमात अजून फ्लॅश (वेबवरच्या हलत्या चित्रांचं जुनं तंत्र) असं लिहिलेलं दिसलं तर समजून घ्या की तो बऱ्याच वर्षांत कुणी उघडून बघितलेला नाही. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. ज्या प्रोग्रॅममध्ये ते काम करायचे त्याला २०१६ पासून अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट म्हणतात. माझी मैत्रीण दुसऱ्या एका ठिकाणी जाते, तिथे पहिले काही महिने हेच जुनं शिकवलं, आणि ती मुलं आता आमच्याकडे येऊन चेंडूपासून सुरू करताहेत.

सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च न करता शिकता येतं. चित्रासाठी क्रिटा, व्हेक्टरसाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी, संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. द्विमितीय अ‍ॅनिमेशनला ओपनटून्झ. जपानच्या जिब्ली स्टुडिओत वापरलं जाणारं हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. आणि त्रिमितीला ब्लेंडर. त्याची कहाणी मला फार आवडते. ते बनवणारी कंपनी बंद पडल्यावर त्याचे मूळ कर्ते टॉन रूसेंडाल यांनी २००२ मध्ये लोकांकडून एक लाख युरो गोळा केले, त्या पैशात त्याचे हक्क सोडवून घेतले आणि ते मुक्त केलं. २०२५ मध्ये उत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर ज्या लाटवियन सिनेमाला मिळालं, तो ब्लेंडरमध्येच केलाय. त्यामुळे 'फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे शिकाऊ लोकांचं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि एसएसडी असू द्या. त्रिमितीय कामासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, द्विमितीला नसलं तरी चालतं. त्याआधी एक साधा पेन टॅब्लेट घ्या, पडदा नसलेला. तीन-चार हजारांत चांगला येतो. मुलाचा हात आहे म्हणता, तर माऊसने काढायला लावू नका.

आणि हार्ड डिस्क बाहेरची एक. का, ते आकड्यांत सांगते. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. झाले सुमारे सहा एमबी. सेकंदाला २४ म्हणजे दीडशे एमबीच्या आसपास, मिनिटाला नऊ जीबी. हेच एच.२६४ या कोडेकने दाबून सेकंदाला आठ मेगाबिटवर काढलं की मिनिट साठ एमबीत बसतं. दाबण्यात काय गमावतो आणि काय गमावलेलं डोळ्याला कळत नाही, हा मल्टिमीडियातला मला सगळ्यात आवडलेला तास होता.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा: रेंडर, म्हणजे संगणकाने तयार केलेलं अंतिम दृश्य, थेट एमपी४ व्हिडिओमध्ये काढायचं नाही, एकेक फ्रेम वेगळं पीएनजी चित्र म्हणून काढायची. दहा सेकंदांच्या २४० फ्रेम, एकेकीला दोन मिनिटं धरली तरी आठ तास. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एमपी४ अर्धवट राहिली तर बहुतेक वेळा उघडतच नाही. पीएनजी असतील तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू.

—

ओसरी

पोरी, फार मनापासून लिहिलं आहेस. मी निवृत्त शिक्षक. तुझ्या निमित्ताने एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण या कोर्सच्या वर्गांत बहुधा डिस्नेपासूनच सुरुवात होते.

आपल्याकडे हे काम दादासाहेब फाळक्यांनी सुरू केलं. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्याही आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेऊन चित्रित केली होती. पैसेवाल्यांना सिनेमाची ताकद पटवायला त्यांनी तीच दाखवली. १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज'. काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, परत सरकवायची. तुम्ही मुलं आज स्टॉप मोशन म्हणता ते हेच. घरात काड्यापेटी आणि मोबाईल असेल तर आज संध्याकाळी करून बघता येईल. निळीशाई यांनी मुलाला जरूर सांगावं.

पुढे मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ च्या सुमारास तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जे तयार झाले त्यांत राम मोहन होते, ज्यांना आपण भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणतो. आणि दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी बघितलेली 'एक अनेक और एकता' ही १९७४ सालची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. मराठी घरातल्या बाईंनी केलेली ती फिल्म आहे हे आमच्या शाळेतल्या मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारायचे. ती परत बघ. हालचाल किती थोडी आहे, आणि तरी काही कमी वाटत नाही. थोड्या चित्रांत काम कसं भागवायचं, हे शिकायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

—

स्वरमाला

रेघोटी, तुझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल. मी लहान मुलांच्या वाणी-उपचाराचं काम करते. आमच्याकडे मुलं आमचे ओठ बघून बोलायला शिकतात, त्यामुळे हा विषय रोजचा.

मराठीसाठी सात-आठ आकार पुरतात. प, ब, भ, म ला ओठ पूर्ण मिटलेले. व ला खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ, पण हलकेच. आ ला जबडा सगळ्यात उघडा, अ ला अर्धा. इ, ई, ए ला ओठांचे कोपरे मागे. उ, ऊ, ओ ला गोल. स, श, च, ज ला दात जवळजवळ जुळलेले. त-वर्ग, ट-वर्ग, ल, ळ, र या सगळ्यांना दात किंचित विलग. ण आणि ळ ला जीभ मागे वळते, पण समोरून ती दिसत नाही, तेव्हा त्यासाठी वेगळं चित्र काढायची गरज नाही. फ चं मात्र आवाज देणाऱ्याकडे बघूनच ठरव: जुनी माणसं ओठ मिटून म्हणतात, हल्लीची पुष्कळ मुलं दात टेकवून.

आणि एक महत्त्वाचं. अक्षरांकडे बघून आकार लावू नकोस, कानाने लाव. आपण 'घर' लिहितो तेव्हा र पूर्ण दिसतो, बोलताना त्यातला अ नसतो. अक्षरागणिक तोंड उघडत गेलीस तर आजी बोलतेय असं न वाटता कुणीतरी शुद्धलेखन घालतंय असं वाटेल.

—

रेघोटी

स्वरमालाताई, तुमचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावलाय! लगेच करून बघितलं. आजीचं पहिलंच वाक्य आहे: "पावणे इले गो!"

ध्वनिमुद्रण माझ्या सख्ख्या आजीच्याच आवाजात आहे. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीला गोधडी, ४८ किलोहर्ट्झवर. वाक्य साधारण एका सेकंदाचं आहे. फ्रेमवर फोड अशी झाली: प ला ओठ मिटलेले दोन फ्रेम, आ चार, व दोन, णे चार. मग 'इले' आलं, आणि इथे गंमत आहे. णे, इ, ले या तिघांनाही ओठांचे कोपरे मागेच. तीन वेगळे आकार दिले की तोंड फडफडतं. म्हणून कोपरे तसेच ठेवून फक्त हनुवटी किंचित खाली-वर केली, सहा फ्रेम. शेवटी गो ला गोल, सहा. मिळून २४. मिटलेल्या ओठांना दोन फ्रेमपेक्षा कमी दिल्या तर ते दिसतच नाहीत, हे सरांनी सांगितलं होतं, ते तंतोतंत खरं निघालं. आणि प्रत्येक आकार आवाजाच्या एक फ्रेम आधी ठेवला. बरोबर आवाजावर ठेवला तर तोंड मागे पडल्यासारखं वाटतं.

ज्यांना हाताने फोड करायची नाही त्यांच्यासाठी: रुबार्ब लिप सिंक नावाचं मोफत साधन आहे. त्यात सहा मूळ आकार असतात. इंग्रजीखेरीज इतर भाषांसाठी शब्द न ओळखता नुसत्या ध्वनींवर चालणारा पर्याय निवडावा लागतो. पहिला कच्चा हात म्हणून ठीक आहे, पण व च्या जागा मी हातानेच दुरुस्त करते.

—

पिंगुळकट्टा

कुडाळ म्हटल्यावर राहवलं नाही. रेघोटी, तुझ्या घरापासून पिंगुळी किती लांब? ठाकर समाजाची चित्रकथी तिथलीच. चित्रकथीचे कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ते तिथलेच.

चित्रकथीची पोथी कधी सांगताना बघितली आहेस का? रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रं कागदावर रंगवलेली, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एक चित्र उभं करतो, वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने त्यावर गातो-बोलतो, आणि योग्य क्षणी पुढचं चित्र आणतो. चित्र हलत नाही. तरी माणसं बसून बघतात, कारण कुठल्या चित्रावर किती रेंगाळायचं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. तुम्ही स्टोरीबोर्डवर (शॉटच्या कच्च्या चित्रांच्या मालिकेवर) आवाज लावून अ‍ॅनिमॅटिक करता, त्यात वेगळं काय असतं? गोष्टीतल्या शॉटची लांबी ठरवण्याआधी एकदा तिथे जाऊन बस.

चित्रांतली माणसंही बघ. टपोरे, लांबट डोळे, ठसठशीत रेघ, पार्श्वभूमी मोकळी. दोन फूट लांबून, दिव्याच्या उजेडातही कोण रागावलंय ते कळतं. मोबाईलच्या पडद्यासाठी याहून चांगली पात्ररचना कुठे मिळणार?

—

रेघोटी

गाव जवळच आहे, शाळेच्या सहलीत गेले होते. पण अ‍ॅनिमॅटिकच्या अंगाने कधीच विचार केला नव्हता. सुट्टीत घरी जाणार आहे तेव्हा नक्की जाईन, वही घेऊन. आणि तिथली शैली वापरायची तर विचारूनच वापरेन. ती त्यांची पोटापाण्याची कला आहे, इंटरनेटवरून उचललेला नमुना नाही.

—

जोडाक्षर

उशिरा आलो. शीर्षकं मराठीत करणार असाल तर आधीच सावध करतो. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये देवनागरी फुटते: पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, 'क्ष'चा पाय मोडतो, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत आणि आफ्टर इफेक्ट्सच्या टाइप सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय असतो, तो निवडून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. तरीही नाही जमलं तर इंकस्केपमध्ये मजकूर टाइप करा, त्याचं पाथमध्ये (नुसत्या रेषांमध्ये) रूपांतर करा आणि एसव्हीजी या व्हेक्टर फाईलच्या रूपात न्या. मग ते अक्षर राहत नाही, आकार होतो, आणि आकार कुठेही फुटत नाही.

टाइप युनिकोडमध्येच करा. फाँट एक टाइपचे मुक्त आणि बालू घ्या, दोन्ही मोफत आहेत आणि मराठी त्यांत नीट बसते. फुटलेलं जोडाक्षर तसंच ठेवून 'चालतंय' म्हणणारे शिक्षकही मी बघितलेत. चालत नाही. मराठी गोष्टीच्या पहिल्याच पाटीवर मराठी मोडलेली असेल तर पुढचं कुणी का बघावं?

—

रातपाळी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. पुण्यात रोटो करतो. म्हणजे परदेशी सिनेमातल्या शॉटमध्ये माणसाच्या कडेने फ्रेममागून फ्रेम रेघ मारून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं काढायचं. केसांची एक बट उडत असेल तर ती बटसुद्धा. डिप्लोमानंतर सगळ्यात सहज मिळणारं काम हे. पगार सुरुवातीला कमीच, डेडलाईन आली की रात्रीचा दिवस.

वाईट काम आहे असं मी म्हणणार नाही. खरी माणसं खरोखर कशी हलतात हे माझ्याइतकं जवळून क्वचितच कुणी बघत असेल. मॅक्स फ्लायशर या अमेरिकन कार्टूनपट बनवणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी रोटोस्कोपचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचं उद्दिष्टच जिवंत माणसाच्या हालचालीवरून चित्र काढणं हे होतं. पण रेघ मारण्याचं हे काम आता यंत्र झपाट्याने उचलतंय, आमच्याकडेही भरती रोडावली आहे. त्यामुळे नुसत्या रोटोच्या भरवशावर राहू नकोस. तुझ्या त्या 'पावणे इले' मध्ये जे आहे, ते धरून ठेव.

—

पारवा

रातपाळीशी सहमत. पुढे शिकायचं तर मुंबईला आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागामध्ये अ‍ॅनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, त्यासाठी सीड ही परीक्षा. तिला बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका लागते, तेव्हा तुझा डिप्लोमा किती वर्षांचा आहे ते आधी तपास. कमी पडत असेल तर बाहेरून पदवी पूर्ण कर, तोवर काम कर. निळीशाई, मुलासाठी बारावीनंतरची यूसीड ही परीक्षा आहे, आणि अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) वेगळी परीक्षा. दोन्हीकडे चित्र काढण्याची हातोटी आणि निरीक्षण तपासतात, सॉफ्टवेअर कुणी विचारत नाही.

नोकरीसाठी शोरील (आपल्या निवडक कामाची चित्रफीत) एक मिनिटाची पुरे. सगळ्यात चांगला शॉट पहिला. पाहणाऱ्याकडे वेळ नसतो, पहिल्या दहा सेकंदांत तो ठरवून मोकळा होतो. शिकवणीत सगळ्यांनी केलेला तोच तो रोबो घालू नकोस, आजीला घाल.

—

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेला अभ्यासक्रमाची प्रत मागितली, ते टाळाटाळ करताहेत, तेव्हा तिथलं रद्द. पेन टॅब्लेट मागवला आहे. काड्यापेटीचा प्रयोग घरात सुरू झालाय. जेवणाच्या टेबलावर आम्हाला बसायची बंदी आहे, काड्या हलतील म्हणून.

—

रेघोटी

काका, खूप छान वाटलं वाचून! मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्यावर घट्ट बसवा आणि फोकस, उजेड दोन्ही लॉक करा, म्हणजे चित्र लुकलुकणार नाही. खिडकीचा उजेड बदलत राहतो, ट्यूबलाईट लावून पडदे ओढून घ्या.

पारवादादा, शेवटची शंका. "पावणे इले गो" झाल्यावर आजी दाराकडे बघते. गो संपला की ओठ लगेच मिटवू का? आणि मान आधी वळवू की वाक्य आधी?

—

पारवा

नजर आधी. तिला पाहुणे दिसलेत म्हणून ती बोलतेय, तेव्हा बोलण्याच्या आधी बुबुळं दाराकडे गेली पाहिजेत. दोन फ्रेम पुरेत, आणि त्याच वेळी पापणी मिटून उघडू दे, नजर बदलताना माणूस बहुधा डोळे मिचकावतो. चार-पाच फ्रेमने मान वळू दे, मान निम्मी वळली की 'पा' सुरू. खांदे सगळ्यात शेवटी, म्हातारं माणूस आहे, ते पूर्ण वळणारही नाहीत.

गो नंतर ओठ झटकन मिटवू नकोस. आठ-दहा फ्रेम घेऊन सैल सोड, अर्धवट उघडे राहिले तरी चालतील. ती उत्तराची वाट बघतेय. त्या वेळात चेहरा एकदम गोठवू नकोस, डोकं अगदी एखादा पिक्सेल सरकत राहू दे. कच्चा व्हिडिओ झाला की इथेच टाक, फ्रेमचे नंबर वर छापून, म्हणजे नेमकं कुठे ते सांगता येईल.